आईची माळ आणि पालखीचा मुक्काम: पुढं काय करायचं?

सातारकर_लेक
नमस्कार मंडळी. इथं वाचते रोज, लिहिते क्वचित. आज सल्ला हवाय, आणि खरं सांगायचं तर थोडं बोलायचंही आहे.

आई गेल्या माघात गेली. आमचं जुनं घर लोणंद-तरडगाव रस्त्याला, म्हणजे माऊलींच्या पालखीच्या वाटेवरच. चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं की पालखी तरडगावला मुक्कामी येते आणि त्या रात्री मराठवाड्यातली एक दिंडी आमच्या अंगणात उतरते. आजोबांच्या वेळेपासूनचं आहे हे. वडील लवकर गेले, मग आईनं एकटीनं चालवलं. पिठलं, भाकरी, ठेचा, आणि घमेल्यात कढत पाणी, पाय शेकायला. जेवण काय हो, वाटेवर कोणीही घालतं, पण आई जमिनीवर बसून एकेकाचे पाय धुवायची, खोबरेल चोळायची. पुढं गुडघे वाकेनात तेव्हा पाटावर बसून, पण स्वतःच. लहानपणी मी विचारलं होतं की हे सगळे आपले कोण लागतात गं, तर म्हणाली, "लागतात कोणीतरी, तू पाणी आण."

नातवंडांची तर ती हक्काची होती. सुट्टीत सगळी पोरं तिच्याकडे, आणि संध्याकाळी हरिपाठ म्हटल्याशिवाय लिमलेटची गोळी नाही. हा सरळ सरळ लाचेचा व्यवहार होता पण आज पोरांना हरिपाठ पाठ आहे.

तर प्रश्न दोन. एक, तिची तुळशीची माळ. लग्नाआधीपासून गळ्यात होती, कधी काढली नाही. शेवटी दवाखान्यात स्कॅन करायच्या आधी काढायला लावली, तेव्हा तिनं स्वतःच माझ्या हातात दिली, सांभाळ म्हणाली, आणि त्यानंतर दोन दिवसांत गेलीच. आता ती माझ्याकडे आहे. भाऊ म्हणतो नदीत सोड. वहिनी म्हणते देवघरात ठेवू. माझा मुलगा म्हणतो मी घालतो, पण तो रविवारी काय खातो ते इथं लिहीत नाही.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. दिंडीतल्या बुवांचा फोन आला होता, "ताई, यंदा उतरायचं का दुसरीकडं बघू?" घर बंद असतं, भाऊ पुण्यात, मी कोल्हापुरात. भावाचं म्हणणं, आईबरोबर ते संपलं, उगाच ओढाताण नको. मला हो पण म्हणता येईना आणि नाही पण. कोणी अशातनं गेलंय का?

मिरचीपूड
मुलाला घालू द्या की माळ. चिकन तरी सुटेल.

रिकामटेकडा
चिकन सुटेल का माळ सुटेल यावर पैज लावायला मी तयार आहे.

विणेकरी
ताई, माळेबद्दल सांगतो, आमच्या घरात चार पिढ्या माळकरी.

माळ वारशानं येत नाही. ज्याची त्यानं घ्यायची असते. फडावरच्या, म्हणजे आपल्या वारकरी परंपरेतल्या महाराजांच्या हातून घेतात, नाहीतर आळंदीला जाऊन, नाहीतर ज्ञानेश्वरीवर ठेवून मग गळ्यात. आणि घेतली की नियम आले. मांस-मच्छी-दारू बंद, एकादशी करायची, रोज हरिपाठ, वर्षाकाठी निदान एक वारी. आषाढीच पाहिजे असं नाही, कार्तिकी, माघी, चैत्री कुठलीही. तेव्हा मुलाला घालायची इच्छा असली तर आनंदच आहे पण त्यानं स्वतःची नवी घ्यावी, आजीची नको. आजीची घातली तर तिचे नियम पण अंगावर आले, आणि ते झेपायचे नाहीत (तुम्हीच रविवारचं लिहिलंय म्हणून म्हणतो).

आमच्याकडे माळकरी माणूस गेला की माळ गळ्यातच राहू देतात, देहाबरोबर जाते. ते राहिलं असेल तर काही बिघडत नाही. अंगणातल्या तुळशीच्या मुळाशी पुरा. लाकूडच ते, मातीत मिसळून जाईल. नदीत मात्र सोडू नका, इंद्रायणी नि चंद्रभागेची अवस्था आधीच काय झाली आहे ते आपण बघतोच आहे.

मुक्कामाचं म्हणाल तर बुवांनी विचारलं हे चांगलं केलं. एवढ्या लोकांची सोय ऐनवेळी होत नाही. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान असतं, त्याच्या निदान महिनाभर आधी त्यांना पक्कं कळायला हवं. हो किंवा नाही, पण लवकर.

शांता_शेळके_नव्हे
डोळे पाणावले वाचून. लागतात कोणीतरी, तू पाणी आण. व्वा.

अनामिक_सूनबाई
सगळ्यांचे डोळे पाणावलेत म्हणून मी जरा कोरड्या डोळ्यांनी लिहिते. राग मानू नका ताई, तुमच्या आईंबद्दल नाही बोलत, त्यांना मी ओळखत नाही.

माझ्या सासूबाई पण अशाच. गावात नाव, देवमाणूस म्हणायचे लोक. आमच्याकडे पण एक दिंडी असायची. सासूबाई ओसरीवर वारकऱ्यांचे पाय धुवायच्या आणि फोटो पण तोच निघायचा. आत चुलीपुढं मी आणि माझी धाकटी जाऊ. पहाटे तीनला उठून भाकऱ्या, धुरानं डोळे लाल. माझं पहिलं बाळंतपण होऊन जेमतेम दीड महिना झाला होता, तरी "एवढी सेवा तर कर, पुण्य लागेल." पुण्य कोणाच्या खात्यावर गेलं माहीत नाही. आणि घरातले पुरुष? पखवाज वाजवत होते! वाईट वाजवत होते.

म्हणजे आजी-आईच्या सेवेचे गोडवे गाताना त्या सेवेचं काम नक्की कोणी केलं ते एकदा बघा एवढंच. तुमच्या भावाला वाटत असेल संपवू या, तर कदाचित त्यानं बायकोचे हात बघितले असतील.

खवचट_काका
सूनबाईंना दंडवत. देवाच्या नावावर सगळ्यात स्वस्त मजूर म्हणजे घरची सून. आणि यावर आता कोणीतरी येऊन लिहील की "त्यात पण एक समाधान असतं".

मुंबईचा_जावई
त्यात पण एक समाधान असतं.
(काका, हलकेच घ्या. राहवलं नाही.)

विणेकरी
सूनबाई, तुमचं बरोबर आहे आणि वारीत याची सोय पण आहे. मुक्कामी समाजआरती असते, सगळ्या दिंड्या गोल जमतात. चोपदारानं दंड उंच केला की एकदम शांत व्हायचं, मग हरवल्या-सापडल्याची पुकार होते. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ते लोक टाळ थांबवत नाहीत. चोपदार तिथं जाऊन तक्रार ऐकून घेईपर्यंत वाजवत राहतात. हजारो माणसं गप्प आणि एका कोपऱ्यात टाळ चालू. तेव्हा तुमचा टाळ वाजू द्या.

अनामिक_सूनबाई
हे मला माहीत नव्हतं. वाजवते. :)

सातारकर_लेक
सूनबाई, राग कशाला येईल. वहिनीची पहिली दोन-तीन वर्षं अशीच गेली, पहाटेच्या भाकऱ्या तिच्याच वाट्याला. मग एका वर्षी ती आईला सरळ म्हणाली, आई, मला यातलं काही ऐकू येत नाही, भजन बाहेर, मी आत. आई त्या दिवशी काही बोलली नाही. पण पुढच्या आषाढापासून भाकऱ्यांचं काम गावातल्या दोन बायकांना पैसे देऊन सांगितलं आणि वहिनीला म्हणाली, तू बाहेर बस, भजनाला. पैसे कुठनं आणले माहितीये? अंगणातल्या चिंचेची चिंच आणि शेवग्याच्या शेंगा विकून. भावाकडे मागितले नाहीत.

आणि काका, आमच्याकडे पखवाज दिंडीवालेच वाजवायचे, त्यामुळं चांगला वाजायचा.

भीमातीर
माझी आठवण थोडी वेगळी आहे. लिहू का नको असं चाललं होतं.

माझी पणजी वारी करायची. पण तिची वारी देवळाच्या बाहेर संपायची. चंद्रभागेत अंघोळ, महाद्वारातल्या चोखोबांच्या समाधीवर डोकं टेकायचं, तिथनं कळसाला हात जोडायचे आणि माघारी. आत जायला मिळायचं नाही आम्हा लोकांना. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं आणि मग देऊळ उघडलं, हे सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं. आमच्या घरात ती शाळेतली गोष्ट नाही. पणजी त्यानंतर आत गेली, पायावर डोकं ठेवलं, आणि बाहेर येऊन आजोबांना म्हणाली की चोखोबा बाहेरच आहेत अजून. पुढं ती मरेपर्यंत दरवर्षी आधी चोखोबा आणि मग जमलं तर आत.

गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली होती, आमच्या लोकांना उतरायला जागा नसायची म्हणून. पुढं ती त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. तर पणजीची सेवा म्हणजे झाडू. पंढरपुरात जिथं उतरेल तिथलं अंगण झाडायची, कोणी सांगो न सांगो. गाडगेबाबांना एकदा झाडताना बघितलं होतं म्हणे तिनं, तेवढं तिला पुरलं.

आता गंमत. आजोबांनी १९५६ ला दीक्षा घेतली. घरातले देव गेले. पणजीनं माळ काढली नाही. एकाच घरात समोर बुद्धाची तसबीर आणि मागच्या खोलीत पणजीचा हरिपाठ. भांडणं व्हायची, जोरात व्हायची. पण आषाढात तिला एसटी स्टँडवर सोडायला आजोबाच जायचे, भाकरीचं गाठोडं स्वतःच्या हातात घेऊन. ती गाडीत बसली की हे परत येऊन चिडचिड करणार.

ती गेली तेव्हा तिची माळ आजोबांनी टाकली नाही. त्यांच्या ट्रंकेत बाबासाहेबांच्या फोटोखाली होती, आम्हाला ते गेल्यावर सापडली. तुमच्या माळेचं काय करायचं ते मला सांगता येणार नाही, पण घाई करू नका.

शांता_शेळके_नव्हे
काय लिहिलंयत. याचा वेगळा लेख करा प्लीज.

खवचट_काका
+१. या धाग्यावर मी तासभर खवचटपणा करणार नाही.

रिकामटेकडा
काका, तास मोजतोय.

मुंबईचा_जावई
जरा हलकं करतो. माझ्या सासूबाई पण वारकरी. आधी वर्षातनं दोनदा पंढरपूर. मग २०२२ ला सरकारनं ७५ वर्षांवरच्यांना एसटी फुकट केली, आणि सासूबाई नुकत्याच पंचाहत्तरच्या झालेल्या! झालं. तेव्हापासून त्या घरी सापडल्या तर तुमचं नशीब. आज आळंदी, परवा देहू, पुढच्या आठवड्यात त्र्यंबकेश्वरला निवृत्तीनाथांकडे, मधे पैठणला नाथषष्ठी. कंडक्टरनं दिलेली शून्य रुपयाची तिकिटं जपून ठेवतात, पिशवी भरत आली आहे. सासरे म्हणतात सरकारनं माझी बायको पळवली.

आणि रिकाम्या जात नाहीत हो. प्रत्येक एसटीत कोणाचं तरी काहीतरी सोडवून येतात. कोणाला कंडक्टरनं सुट्टे दिले नाहीत, कोणाचं बाळ रडतंय, एकदा तर एका पोरीला बारावीच्या पेपरला वेळेत पोचवायला त्यांनी ड्रायव्हरला मधला थांबा घेऊ दिला नाही म्हणे. त्या थांब्यावर उभ्या असलेल्यांचं काय झालं ते विचारायचं नाही.

मिरचीपूड
हाहाहा. थांब्यावरच्या लोकांची पण सेवाच झाली, पायी वारी घडली.

टाकेवाला
मी डॉक्टर आहे, वारीत एका पथकाबरोबर जातो पायांच्या मलमपट्टीला. सातारकर ताई, आईंबद्दल आदर आहेच पण "कढत पाणी" वाचून दचकलो. वारकऱ्यांमधे मधुमेहाची माणसं खूप असतात, त्यांच्या पायाला बऱ्याचदा संवेदना कमी असते, पाणी फार गरम आहे ते त्यांना कळतच नाही आणि पाय भाजतो. कोमट ठेवा.

आणि दुसरं, फोड. सुई-दोऱ्यानं फोड टोचून दोरा आतच ठेवायची पद्धत सर्रास आहे, पाणी झिरपून जातं म्हणून. आम्ही दरवर्षी ओरडतो. त्या दोऱ्यावाटे जंतू आत जातात. चालताना घासत नसेल तर फोड तसाच ठेवा, वरून स्वच्छ कोरडी पट्टी. फुटला तर धुऊन, कोरडा करून पट्टी. हळद, तंबाखू, रॉकेल काही लावू नका. (रॉकेल लावलेला बघितलाय. हो.)

सातारकर_लेक
डॉक्टर, पाणी चुलीवरनं उतरताना कढत असायचं, मग गार पाण्याचं विसण घालायची आणि कोपर बुडवून बघायची, बाळाच्या अंघोळीला बघतात तसं. त्याशिवाय कोणाचा पाय आत घालू द्यायची नाही. सुई-दोरा मात्र होता, खोटं कशाला बोलू. हळदीत बुडवलेला. एका वर्षी दिंडीतल्याच एका नर्स मुलीनं तिला थांबवलं. आईनं तिचं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि ती मुलगी झोपल्यावर उरलेले फोड आपल्या पद्धतीनं उरकले.

टाकेवाला
ही बाई मला भेटली असणार. सगळ्या गावांत भेटते.

रिकामटेकडा
अवांतर: आई एकादशीला काय खायच्या? आमच्या आजीकडे एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, वडे, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, भगर-आमटी. आम्ही पोरं एकादशीची वाट बघायचो.

सातारकर_लेक
आई साबुदाणा खायची नाही. कुठनं आला कोण जाणे म्हणायची. शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, एखादं केळं. आषाढी-कार्तिकीला फक्त पाणी.

मिरचीपूड
साबुदाण्याबद्दल आईंचा संशय रास्त होता. टॅपिओकाच्या कंदापासून करतात, आपल्याकडे येतो तो मुख्यतः तमिळनाडूत सेलम भागातनं, आणि कंद मूळचा अमेरिका खंडातला. बटाटा तिकडचा, रताळं तिकडचं, मिरची तिकडची. फक्त कोणाला सांगू नका की शेंगदाणा आणि राजगिरा पण तिकडचेच.

खवचट_काका
म्हणजे चोखोबा-जनाबाईंच्या काळात एकादशीला यातलं काहीच नव्हतं. उपास खराच करायला लागत असणार बिचाऱ्यांना. (तास संपला.)

नगरची_शलाका
मी ख्रिस्ती, नगरची, म्हणजे आता अहिल्यानगर. धागा वारीचा आहे पण माझी आजी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आजी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाल्यावर पण पिशवीत थर्मामीटर आणि कापसाचा गुंडाळा असायचाच. रविवारी चर्च, आणि उरलेले सगळे दिवस ज्याच्याकडे कोणी बघत नाही त्याच्याकडे ती. आमच्या चाळीत एक म्हातारे होते, अंथरुणाला खिळलेले, मुलं लांब. आजी रोज जाऊन त्यांची कूस बदलायची, पाठ पुसायची, पावडर लावायची. म्हातारे कट्टर होते, आमच्या हातचं पाणी प्यायचे नाहीत. पाणी पाजायला ती शेजारच्या काकूंना हाक मारायची आणि पाठ स्वतः पुसायची. मी चिडून म्हटलं की हा कसला न्याय, तर म्हणाली की जखमेला कळत नाही.

आमच्याकडे पण प्रार्थनेला पेटी, टाळ आणि अभंगाच्या चालीतली भजनं असतात. नगरच्या बाहेर हे सांगितलं की लोकांना आश्चर्य वाटतं. आजीचा आवाज भयानक बेसूर होता, आणि ती सगळ्यात पुढं बसायची.

ती गेल्यावर तिचं बायबल कोणाकडे यावरनं आमच्याकडे पण दोन महिने अबोला होता. शेवटी आत्याकडे गेलं. तिच्या नर्सिंगच्या पिशवीसाठी मात्र कोणी भांडलं नाही. ती माझ्याकडे आली. मी बँकेत आहे, मला इंजेक्शन बघून चक्कर येते. तरी पिशवी आहे, आणि अधूनमधून सोसायटीतल्या आजींचं बीपी बघायला जाते, मशीनवर, त्यात रक्त दिसत नाही.

अनामिक_सूनबाई
शलाका, आजीचं नातं सुनेशी कसं होतं? खरं सांगा. :)

नगरची_शलाका
कडक! आई आजही तिचं नाव निघालं की ताठ बसते. पण आईचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात रात्री आजीच राहिली, आम्हाला कोणाला राहू दिलं नाही. तुम्हाला रात्री झोप लागते, मला लागत नाही, एवढंच कारण दिलं.

शेंडेफळ_०७
आत्या, हा धागा तू काढलायस ना? नाव बदललं तरी "तू पाणी आण" वरनं कळलं. ते वाक्य घरात सगळ्यांना ऐकवून झालंय.

मी हिचा भाचा, म्हणजे ज्याला आईबरोबर ते संपलं असं वाटतं त्या भावाचा मुलगा. दोन-तीन गोष्टी राहिल्यात त्या सांगतो.

एक, आजी काही तुम्ही समजताय तशी शांत-बिंत नव्हती. २०२० ला पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, तेव्हा तिनं टीव्हीसमोर बसून सरकारला, व्हायरसला आणि टीव्हीवाल्यांना, तिघांना शिव्या घातल्या. पांडुरंगाला पण घातल्या. म्हणाली, घरात कोंडून घेतलंस, आता बस एकटा. संध्याकाळी त्याच्याशी बोलली नाही, दिवा मला लावायला लावला. हे दोन वर्षं चाललं, कारण २०२१ ला पण पायी गेले नाहीत.

दोन, ती रात्री यूट्यूबवर कीर्तनं ऐकायची फुल व्हॉल्यूमवर, आणि न आवडलेल्या महाराजांना थंब्स डाऊन करायचं काम माझ्याकडे होतं. फार विनोद करणारे तिला चालायचे नाहीत. "हसवायला आलाय का सांगायला?"

तीन. हे जरा नीट ऐक. बुवांनी तुला फोन केला त्याच्या आधी मला केला होता. मी हो म्हणून सांगितलंय. बाबांना अजून बोललो नाही. मी आणि कॉलेजची काही पोरं आदल्या दिवशी जाऊन घर उघडतोय, अंगण साफ करतोय. मी काही माळकरी-बिळकरी नाही, मला देवाचं नक्की काय ते माहीत नाही. पण ते लोक लांबनं चालत येणार आणि आपलं दार बंद दिसणार, हे मला नको वाटतं. आजी नाही म्हणून ते पुढच्या अंगणात गेले तर तिनं मला घरात घेतलं नसतं.

सातारकर_लेक
अरे कार्ट्या!!
फोन उचल.

खवचट_काका
भाऊसाहेब इथं वाचत असतील तर कृपया हात वर करावा.

विणेकरी
शाब्बास पोरा. आता कामाचं ऐक. पाण्याच्या टँकरचं ग्रामपंचायतीत आत्ताच बोलून ठेव, पालखीच्या दिवसात टँकर मिळत नाहीत. दिंडीकडे स्वतःचे ट्रक, तंबू, आचारी असतात, लोक भिशी, म्हणजे जेवणखाणाची वर्गणी, भरून आलेले असतात, तेव्हा तुम्ही जेवण नाही घातलं तरी अडत नाही. बुवांना विचार काय हवंय. बहुतेक ते सांगतील जागा, पाणी, उजेड आणि बायकांसाठी आडोशाची न्हाणी. शौचालयाची फिरती सोय सरकार करतं पण ती तळावर, तुमच्यापासून लांब पडेल. आपली स्वच्छ ठेवा, तीच मोठी सेवा आहे. भाकऱ्यांचा हट्ट नको.

अनामिक_सूनबाई
हट्ट करायचाच असेल तर पोरांनी भाकऱ्या थापायच्या आणि भांडी पण घासायची. आणि आईला बाहेर बसवायचं.

शेंडेफळ_०७
भाकरी येत नाही, पिठलं येतं. भाकरीला त्याच दोन मावशी येणार आहेत, पैसे आम्ही वर्गणी काढतोय. भांडी आमच्याकडे, मान्य. आईला अजून सांगितलं नाही, तिला सांगितलं की बाबांना कळतंच.

भीमातीर
झाडू मी घेऊन येतो. गंमत नाही करत. मी फलटणलाच असतो.

सातारकर_लेक
फोन झाला. आधी मी ओरडले, मग तो ओरडला, मग दोघं रडलो. वहिनीला सगळं आधीच माहीत होतं, तिनंच बुवांना ह्याचा नंबर दिला होता. आता भावाला सांगायचं काम माझ्यावर आलंय, मोठी म्हणून. आईनं केलं असतं तसंच करणार, म्हणजे विचारणार नाही, कळवणार.

माळेचं अजून ठरलं नाही. नदीत सोडत नाही एवढं नक्की. विणेकरी म्हणतात तसं तुळशीच्या मुळाशी पुरावी असं मला वाटतं, वहिनीला देवघरातच हवी आहे. मुलाला नवी माळ घेण्याचं सांगितलं तर म्हणाला आषाढीपर्यंतचे रविवार पाळून बघतो, मग बोलू. रिकामटेकडा, पैज घ्यायची असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी त्याच्या विरोधात लावतेय.

रिकामटेकडा
आईच विरोधात म्हटल्यावर मला पोराच्या बाजूनं लावायला लागणार. चालतंय.

टाकेवाला
शेंडेफळ, पत्ता व्यनि कर. आमचं पथक लोणंदला असतं, एक-दोघांना घेऊन तिकडं येता येईल. पट्ट्या, जंतुनाशक, हातमोजे आमचे. तुम्ही फक्त बसायला पाट, उजेड आणि कोमट पाणी द्या. आणि सुई-दोरा दिसला तर मी जप्त करणार. गाडी कुठपर्यंत येते?

विणेकरी
डॉक्टर, पालखीच्या दिवशी तो रस्ता वाहनांना बंद असतो. आदल्या रात्रीच येऊन थांबा.